आलोरा

फाउस्तो आला तेव्हा मशीन पेटीतच होतं,
रबाळ्याला, तीन नंबरच्या गाळ्यात.
पेटीभोवती एक फेरी मारली त्यानं,
कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला,
"आलोरा..."

मी म्हटलं, दिसतंय की. बस.
आमच्या तळवलीत 'आयलो' म्हणतात,
हा शाळेत शिकलेला दिसतो.

सानपाड्याहून आलेली दुभाषी नेत्रा म्हणाली,
"म्हणजे 'तर'."
तर काय?
"तर काही नाही. नुसतंच तर."

मग मी ते मोजायला लागलो, वॉशर मोजावेत तसं.
बोल्ट तळहातावर तोलत : आलोरा. थांबा, डोकं चालू आहे.
नकाशा उलटा धरलाय हे कळल्यावर : आलोऽऽरा,
शेवटचा स्वर घरंगळत पार कन्व्हेअरच्या खाली.
वायरमनचा फोन तिसऱ्यांदा लागला नाही की
आलोरा!
शिवी नव्हे, पण शिवीच्याच चाळीतली खोली.
सुट्टीची घंटा झाली, हात पुसले : आलोरा.
आता कोणी काही विचारू नका.

आमच्याकडे एवढ्या कामाला
बरं, मग, तर, हां, चला
अशी पाच माणसं लागतात.
त्याच्याकडे एकच गडी, तिन्ही पाळ्यांना,
ओव्हरटाईमचं नाव नाही.

एका दुपारी तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील पुढे केले.
त्यानं वास घेतला. आमच्याकडे पाहिलं. पुन्हा भाकरीकडे.
"आलोरा," अगदी हळू,
खाडीत पाय घालण्याआधी पाण्याला विचारावं तसं.
खाल्लं मात्र सगळं.

त्याच दुपारी बाप कसा होता ते सांगत होता.
असल्याच मशीनवर होता म्हणे, दोन बोटं गेलेली.
सांगता सांगता तोच शब्द आला, पण वजन वेगळं.
नेत्रा अडली. म्हणाली, "इथे 'तर' नाही. इथे 'तेव्हा'."

तेव्हा.
हा मला कोणी समजवायला नको.
माझा बाप पारसिकच्या बाजूला हात करून
"तेव्हा इथं..." म्हणतो, आणि पुढचं बोलत नाही.
पुढे शेडचे पत्रे असतात.
शेतं कुठे संपायची, बांध कोणाचा,
सगळं त्या एका शब्दात भरून
वर झाकण लावलेलं.
आणि पंचायतीत उभा राहिला की हाच बाप म्हणायचा,
"तेव्हा, मंडळी, काय ठरलं?"
एकाच शब्दात गेलेलं आणि आता करायचं.
मला वाटायचं ही खोड फक्त आमच्या म्हाताऱ्याची.

एकोणिसाव्या दिवशी मशीन चाललं.
गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर पडायला लागल्या,
दहा-दहाच्या, एकही घर रिकामं नाही.
तेव्हा फाउस्तो काहीच बोलला नाही.
जनार्दननं वाट बघून बघून स्वतःच म्हटलं,
"आलोरा?"
आणि तो गोरा माणूस कानापर्यंत लाल होऊन हसला.

गेटवर टॅक्सी उभी होती.
आपण निघताना जातो म्हणत नाही,
येतो म्हणतो. तो एक पाऊल पुढे.
बॅग उचलली, आमच्याकडे पाहिलं, म्हणाला, "आलोरा."
मी म्हटलं, ये.

परवा रात्रपाळीला मशीन अडलं.
पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत.
तेरा नंबरचा पाना हातात, कॅम कुठे घासतोय कळत नाही,
आणि माझ्या तोंडून निघालं ते.
कसं सांगू, त्यानं बोल्ट ढिला होत नाही,
पण हात घाईत येत नाही.
गॅस्केट होतं. साडेचारला सापडलं.

सकाळी घरी पोचलो. उंबऱ्यात बूट काढताना
पाठ धरली, वाकलेल्या वाकलेलाच म्हणालो,
"आलोरा..."

आतून आई, चुलीकडे तोंड करून :
"आयलास कं? मंग दार लाव,
मांजर बोंबलावर टपलंय."